खाल्लेलं अंगी कुठं लागतं? लहान आतड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडं सगळ्यालाच 'पोट' म्हणायची पद्धत आहे. छातीखाली जळजळलं तरी पोट, बेंबीजवळ कळ आली तरी पोट, पोरगं वाळत चाललं तरी 'त्याचं पोटच धड नाही'. लातुरात मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. नीटच्या तयारीसाठी उदगीर, गंगाखेड, परळीकडून आलेली पोरं, त्यांना डबा घेऊन येणारे आईवडील आणि निवृत्तीनंतर गावाकडची भावकी, या सगळ्यांनी फिरून फिरून विचारलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. शरीर कसं चालतं तेवढं सांगेन, गोळ्या-औषधं डॉक्टरांना विचारूनच घ्या.

जेवण तर जठरात पचतं. मग लहान आतड्याचं एवढं कौतुक कशाला?

कारण जठर ही कणगी आहे, फार तर पाटा-वरवंटा म्हणा. घास साठवायचा, आम्लात भिजवायचा, घुसळायचा आणि थोडा थोडा पुढं सोडायचा, एवढंच त्याचं काम. तिथं प्रथिनं तुटायला सुरुवात होते, पण रक्तात जवळजवळ काहीच जात नाही. शस्त्रक्रियेनं पूर्ण जठर काढलेली माणसं थोडं थोडं खाऊन वर्षानुवर्षं जगतात. लहान आतडं पूर्ण गेलं, तर मात्र शिरेतून अन्न द्यावं लागतं.

वर्गात मी एक गोष्ट नेहमी सांगायचो. गिळलेला घास पोटात गेला तरी तो अजून तुमचा झालेला नसतो. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक सलग नळी आहे आणि नळीतली पोकळी शरीराच्या बाहेरच मोजायची. पेरूची बी जशी गिळली तशी दुसऱ्या दिवशी बाहेर पडते, ती शरीरात शिरलेलीच नसते. घास लहान आतड्याची भिंत ओलांडतो तेव्हा कुठं तो 'अंगी लागतो'. आपल्या आज्यांचा हा शब्द मला पुस्तकातल्या 'शोषण'पेक्षा जास्त अचूक वाटतो.

मोठ्या आतड्यापेक्षा लांब असून त्याला लहान का म्हणतात?

रुंदीमुळं. लहान आतड्याचा व्यास अडीच-तीन सेंटिमीटर, मोठ्याचा त्याच्या दुपटीच्या आसपास. मोठं आतडं मात्र लांबीला जेमतेम दीड मीटर भरतं.

एका पुस्तकात ६ ते ७ मीटर, दुसरीकडं ३ मीटर. पेपरात काय लिहायचं?

पेपरात तुमच्या पुस्तकात जे असेल ते लिहा, मार्क त्यालाच आहेत. खरं उत्तर असं की दोन्ही आकडे बरोबर आहेत. मृतदेहात स्नायू सैल पडतात, आतडं ताणलं जातं आणि सहा-सात मीटर भरतं. जिवंत माणसात भिंतीतले स्नायू सतत थोडे आवळलेले असतात, त्यामुळं तेच आतडं तीन ते पाच मीटरचं दिसतं. माणसामाणसांतही बराच फरक असतो.

शेळी-मेंढीचं आतडं तर वीस मीटरहून जास्त भरतं. खाटकाकडं वजडी साफ करताना पाहिली असेल तर अंदाज येईल. पाला-कडबा खाणाऱ्याला कारखाना मोठा लागतो.

त्याचे भाग किती?

तीन. पहिला आद्यांत्र, साधारण २५ सेंटिमीटरचा आणि इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला. बारा बोटं आडवी ठेवली की एवढी लांबी होते, म्हणून प्राचीन ग्रीक वैद्यांनी त्याला 'बारा बोटांचं' असं नाव दिलं होतं. पुढचा मध्यांत्र आणि शेवटचा शेषांत्र. उरलेल्या लांबीतला सुमारे दोन पंचमांश भाग मध्यांत्राचा, तीन पंचमांश शेषांत्राचा. या दोघांमध्ये ठळक शीव नसते. शेतात बांध असतो तसा इथं नाही, मातीचा पोत हळूहळू बदलत जातो एवढंच. शेषांत्र उजव्या ओटीपोटाजवळ एका झडपेतून मोठ्या आतड्यात उघडतं. अपेंडिक्स या झडपेच्या पलीकडं, म्हणजे मोठ्या आतड्याला लोंबलेलं असतं. ते लहान आतड्याचा भाग नव्हे. हा प्रश्न दरवर्षी अर्धा वर्ग चुकवतो.

हे सगळं भेंडोळं पोटात मोकळं पडलेलं नसतं. आंत्रबंध नावाच्या पातळ पडद्यानं ते पाठीच्या भिंतीला बांधलेलं असतं. त्याच पडद्यातून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आतड्यापर्यंत येतात. लुगड्याच्या निऱ्या कमरेला एकत्र खोचाव्यात आणि खाली घेर पसरावा, तशी त्याची ठेवण आहे.

आतड्याची आतली बाजू पसरली तर टेनिसचं मैदान भरतं म्हणे?

हे मीही अनेक वर्षं शिकवलं. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी पुन्हा मोजमाप केलं तेव्हा लहान आतड्याचं आतलं क्षेत्रफळ ३० चौरस मीटरच्या आसपास निघालं. म्हणजे अठरा बाय अठरा फुटांच्या खोलीची फरशी. मैदान गेलं, खोली राहिली. तरीही ती एवढ्याशा पोटात मावते, हे काही कमी नाही.

ती मावते घड्यांमुळं. आधी भिंतीला गोल वळ्या, वळ्यांवर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे रसांकुर आणि प्रत्येक रसांकुरावरच्या पेशीला पुन्हा अतिसूक्ष्म केस. अंग पुसायचा टॉवेल डोळ्यांपुढं आणा. साध्या धोतरापेक्षा टॉवेल जास्त पाणी टिपतो तो त्या उभ्या दोऱ्यांमुळं. शिवाय ही लव जिवंत आहे. प्रत्येक रसांकुरात रक्ताच्या केशवाहिन्यांचं जाळं असतं आणि मधोमध लसिकेची (लिम्फ या द्रवाची) एक नळी.

हे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. चुलीमागची भिंत धुरानं काळवंडली की बायका सारवून घेतात, तसं इथं सारवण अखंड चालू असतं. रसांकुरांच्या बुडाशी खळगे असतात, तिथं नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि टोकावरून गळून पडतात. कॅन्सरची काही औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात, त्यात या पेशीही सापडतात. म्हणून अशा रुग्णांना बऱ्याचदा जुलाब होतात.

भाकर, पिठलं आणि वर करडईचं तेल खाल्लं. पुढं काय होतं?

जठरातून आम्लानं आंबट झालेला लगदा आद्यांत्रात चमचा-चमचा येतो. आम्ल लागताच आद्यांत्राची भिंत सिक्रेटिन नावाचं रसायन रक्तात सोडते. ते स्वादुपिंडाला निरोप देतं आणि स्वादुपिंड सोडियम बायकार्बोनेटचं पाणी ओततं. सोडियम बायकार्बोनेट म्हणजे किराणा दुकानातला खायचा सोडाच. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी हे सिक्रेटिन शोधलं आणि 'हॉर्मोन' ही कल्पनाच तिथून सुरू झाली. पहिलं हॉर्मोन मेंदूत नाही, आतड्यात सापडलं, हे मला फार आवडतं.

ज्वारीतला स्टार्च लाळेनं थोडा तुटलेला असतो. स्वादुपिंडाचा रस त्याचे आणखी तुकडे करतो. शेवटचा घाव मात्र आतड्याच्या भिंतीवरच बसतो. तिथल्या सूक्ष्म केसांवर माल्टेज, सुक्रेज, लॅक्टेज ही विकरं (एन्झाइम) रोवलेली असतात. ग्लुकोज मोकळं झालं की शेजारच्याच दारातून आत. बेसनातल्या प्रथिनांचेही असेच तुकडे होतात. हा सगळा माल आतड्याकडून निघणाऱ्या पोर्टल शिरेतून आधी यकृताकडं जातो. बाजारात जाण्याआधी आडतीवर, असं म्हणा.

तेलाची वाट वेगळी. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून पित्तरस लागतो. नान-कलियाची ताटली नुसत्या पाण्यानं धुऊन बघा, तवंग हलत नाही. साबण लावला की त्याचे बारीक थेंब होतात. पित्तातले क्षार हेच करतात. मग स्निग्ध पदार्थ भिंतीतून आत शिरतात आणि यकृताला वळसा घालून, लसिकेच्या नळ्यांतून थेट मानेजवळच्या मोठ्या शिरेत पोहोचतात. वापरलेले पित्तक्षार शरीर फेकून देत नाही. शेषांत्राच्या शेवटी त्यातले ९५ टक्के परत शोषले जातात आणि यकृताकडं पुन्हा कामाला जातात. काटकसर शिकावी ती शेषांत्राकडून.

लहान आतड्यातला हा प्रवास साधारण तीन ते पाच तासांचा असतो.

पोटात कावळे ओरडतात, ते नेमके कुठं ओरडतात?

जठरात आणि लहान आतड्यात, दोन्हीकडं. पोट रिकामं असलं की दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक मोठी लाट जठरातून निघते आणि शेषांत्रापर्यंत जाते. उरलेसुरले कण, मेलेल्या पेशी, जिवाणू ती पुढं लोटत नेते. रात्री बाजार उठल्यावर झाडू मारतात, तशी ही सफाई. आत हवा आणि पाणी असतं, त्यामुळं गुडगुड ऐकू येते. काही खाल्लं की झाडू थांबतो. दिवसभर थोडं थोडं चरत राहणाऱ्याच्या आतड्याला झाडायला फुरसत मिळत नाही.

हरभऱ्याचे ढाळे खाल्ले की पोट का फुगतं?

हरभऱ्यात रॅफिनोज गटातल्या साखरा असतात. त्या तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नाहीच. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू होतो. डाळ भिजवून ते पाणी फेकलं तर त्रास थोडा कमी होतो.

बेंबी सरकली म्हणून पोट दुखतं, हे खरं का?

बेंबी म्हणजे नाळ गळून पडल्याचा वण. ती कुठंही सरकत नाही. पण माणसं बेंबीजवळ बोट ठेवतात ते खोटं नसतं. गर्भात आतड्याचा जो मधला भाग तयार होतो, त्याच्या वेदनेचे मज्जातंतू पाठीच्या कण्यात जिथं पोहोचतात, तिथंच बेंबीभोवतीच्या कातडीचेही येतात. मेंदूला नेमकी जागा उमगत नाही, तो 'बेंबीजवळ' असं सांगतो. अपेंडिक्सचं दुखणंही बऱ्याचदा आधी बेंबीजवळ सुरू होतं आणि मग उजवीकडं खाली उतरतं. अशा वेळी पोट चोळत, बेंबी बसवत वेळ घालवणं धोक्याचं आहे.

कळ लाटेसारखी येते-जाते, पोट फुगतं, हिरवी उलटी होते आणि शौच-वारा दोन्ही बंद होतात, अशी लक्षणं एकत्र दिसली तर आतडं कुठंतरी अडलेलं असू शकतं. सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

दूध प्यालं की पोट बिघडतं, ताक मात्र चालतं. असं कसं?

दुधातली साखर लॅक्टोज. ती तोडणारं लॅक्टेज लहानपणी भरपूर असतं, पुढं अनेकांमध्ये कमी होत जातं. न तुटलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढतं, पुढं वायू करतं. दही विरजताना जिवाणू त्यातलं काही लॅक्टोज आधीच खातात आणि पोटात गेल्यावरही मदत करतात, म्हणून ताक निभावतं. खव्याचं उलट. दूध आटलं तसं लॅक्टोजही दाट झालं. कुंथलगिरीचा पेढा एक ठीक, चार खाल्ले की कळतं.

लॅक्टेज रसांकुरांच्या टोकावरच असतं. मोठ्या जुलाबात ही टोकंच खरवडली जातात, म्हणून काही दिवस दूध सोसत नाही. अस्तर भरून आलं की पुन्हा सोसतं. अंगावर पिणाऱ्या लेकराचं आईचं दूध मात्र जुलाबातही बंद करायचं नाही.

जुलाबात नुसतं पाणी न देता ओआरएसच (मीठ-साखरेच्या पाकिटाचं पाणी) का?

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलतो, कारण उन्हाळ्यात टँकरचं पाणी आणि पावसाळ्याच्या तोंडाला गढूळ पाणी, दोन्ही वेळा घरोघरी हगवण असते.

आधी हिशोब बघा. आपण दिवसाला दोनेक लिटर पाणी पितो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा रस मिळून आणखी सात लिटर. एकूण नऊ लिटरच्या आसपास, म्हणजे बरीचशी कळशी, रोज लहान आतड्यात ओतली जाते. त्यातलं सात-साडेसात लिटर ते परत शोषतं, बाकीचं बहुतेक मोठं आतडं टिपतं आणि शौचातून जातं १००-२०० मिलिलिटर. ज्या शहरानं २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, त्याला या हिशोबाची किंमत सांगायला नको.

पटकीसारख्या (कॉलरा) रोगात आतड्याची भिंत उलट पाणी बाहेर फेकू लागते. नुसतं पाणी प्यायलं तर ते पुरेसं आत जात नाही, कारण पाणी स्वतःहून चालत नाही, ते मिठाच्या मागं जातं. पण भिंतीत एक दार असं आहे जे मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज दोघं जोडीनं आले तरच उघडतं, आणि पटकीतही ते दार शाबूत राहतं. जोडी आत गेली की मागोमाग पाणी. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर मीठ-साखरेचं पाणी पिंपातून वाटायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानं १९७८ साली या दाराच्या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं.

म्हणून एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळा. 'लेकरू लहान आहे, अर्धं पाकीट ग्लासात टाकते' हे मी कितीदा ऐकलंय! पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखर जास्त झाली तर तीच पाणी बाहेर ओढते, त्यामुळं थंड पेयाची बाटली हा पर्याय नव्हे. लहान मुलांना सोबत १४ दिवस झिंक देतात, त्याची मात्रा आशाताई किंवा डॉक्टर सांगतील.

रोज भाजी-भाकर खाऊनही बाईच्या अंगात रक्त कमी. का?

लोह अंगी लागतं ते मुख्यतः आद्यांत्रात, त्या बारा बोटांच्या जागेत, आणि धान्या-भाजीतल्या लोहाचा थोडासाच वाटा आत जातो. ज्वारी-डाळीतलं फायटेट लोहाला धरून ठेवतं. त्यात जेवणाबरोबर चहा असेल तर चहातली टॅनिनं उरलेलंही अडवतात. लिंबू पिळलं, आवळा किंवा पेरू खाल्ला तर शोषण वाढतं. चहा जेवणानंतर तासाभरानं घ्यावा. आपल्या बायका सकाळी चहा-बटरवर शेतात जातात आणि जेवण झाल्याबरोबर पुन्हा चहा घेतात, हे काही एका गोळीनं सुटायचं नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण दिलं, ते याच दुखण्यावर.

दुसरा चोर अंकुशकृमी. ओल्या मातीत अनवाणी चाललं की त्याची अळी पायाच्या कातडीतून शिरते, फुप्फुसांमार्गे लहान आतड्यात पोहोचते आणि भिंतीला चावून रक्त पिते. किडा सेंटिमीटरभराचा, पण शंभर असले की रोजची गळती जाणवते. १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाडीत देतात ती अल्बेंडाझोलची गोळी याचसाठी आहे. मुलांना तो दिवस चुकवू देऊ नका.

आम्ही माळकरी. बी-१२ कमी निघालं. आतड्यात दोष आहे का?

बहुतेक वेळा दोष ताटात असतो. बी-१२ वनस्पतींत नसतं. माळकरी घरात ते दूध-दह्यातूनच येतं आणि दूध डेअरीला गेलं तर तेही नाही. पण त्याचा प्रवास वाकडा आहे हेही खरं. जठरातून निघणारं एक प्रथिन त्याला धरतं आणि शेषांत्राच्या अगदी शेवटच्या टप्प्यातच ते आत घेतलं जातं. जठराचा जुना विकार, शेषांत्राचा टीबी किंवा तो भाग कापलेला असणं, यांपैकी काहीही असलं तर ताट भरलेलं असूनही बी-१२ उतरतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनीही ते तपासून घ्यावं.

ठेच्यामुळं अल्सर होतो?

ठेच्यानं आग होईल, जखम नव्हे. आद्यांत्राच्या अल्सरमागं बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा अंगदुखीच्या गोळ्या असतात. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे पटवून देण्यासाठी जिवाणूंचं पाणी स्वतः प्यायलं आणि जठराला सूज आणून घेतली. २००५ चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं. आपल्याकडं ऊसतोडीहून आल्यावर किंवा खुरपणीच्या दिवसांत दुकानातून सुट्या गोळ्या घेऊन उपाशीपोटी गिळायची सवय आहे, मला ठेच्यापेक्षा तिची जास्त भीती वाटते. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर वर कुठंतरी रक्त वाहतंय असं समजा. लोहाच्या गोळीनंही शौच काळी होते, ते डॉक्टरांना आधीच सांगा.

मुदतीच्या तापाचा आणि आतड्याचा काय संबंध?

शेषांत्राच्या भिंतीत लसिका पेशींची बेटं असतात. स्वित्झर्लंडच्या योहान पायर यांनी १६७७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून ती पायरची. शरीराची ही चौकी. टायफॉइडचा जंतू नेमका इथूनच घुसतो आणि इथंच मुक्काम करतो. उपचार झाले नाहीत तर साधारण तिसऱ्या आठवड्यात ही बेटं झिजून आतड्याला भोक पडू शकतं. ताप उतरला म्हणून गोळ्या मधेच सोडू नका.

पोळीपेक्षा भाकर आतड्याला चांगली का?

सगळ्यांसाठी असं नाही. सीलिअ‍ॅक नावाच्या आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळं शरीर स्वतःचेच रसांकुर झिजवतं. टॉवेलचं धोतर होतं म्हणा ना. लेकरू वाढत नाही, पोट फुगतं, रक्त कमी. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतं, म्हणून अशा घराला भाकर वरदान आहे. पिठाची गिरणी मात्र एकच असेल तर गव्हाचं पीठ मिसळतं, दळण वेगळं करावं लागतं. आणि तपासणीआधी गहू बंद करायचा नाही, नाहीतर रक्त तपासणी आणि बायोप्सी, दोन्ही फसतात.

दुर्बिणीनं सगळं आतडं दिसतं का?

तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण आद्यांत्रापर्यंत जाते, खालून घातलेली शेषांत्राच्या शेवटापर्यंत. मधला कित्येक मीटरचा टापू अंधारात राहतो. त्यासाठी कॅमेरा असलेली कॅप्सूल गिळायला देतात. ती फोटो काढत पुढं जाते आणि शौचावाटे पडते. आतडं कुठं अरुंद झालं असेल तर ती तिथं अडकू शकते, म्हणून सरसकट देत नाहीत.

आतड्याचा तुकडा काढला तर माणूस जगतो का?

बरेचदा अगदी व्यवस्थित. किती काढलं यापेक्षा किती उरलं ते महत्त्वाचं. दोन मीटरपेक्षा कमी उरलं तर अडचणी सुरू होतात. कुठला भाग गेला यावरही बरंच ठरतं. मध्यांत्र गेलं तर शेषांत्र हळूहळू त्याचं काम उचलतं, त्याचे रसांकुर उंच होतात. शेषांत्राचं शेवटचं टोक गेलं तर बी-१२ आणि पित्तक्षार यांची जबाबदारी घ्यायला दुसरं कुणी नाही. अशांना बी-१२ चं इंजेक्शन आयुष्यभर घ्यावं लागतं.